सतराची गोटी कोठे शे? पारोळ्याकडच्या एका सोलर पंप टीमच्या पेट्या

पारोळा, अमळनेर आणि एरंडोल तालुक्यांत शेतात सोलर पंप बसवणारी चार जणांची एक टीम आहे. म्होरक्याला सगळे आप्पा म्हणतात. सोबत त्यांचा भाचा, वायरिंग जाणणारा एक पोरगा आणि पिकअप चालवणारे नाना. गाडी लावून झाली की नानाही कामाला हात लावतात. हे प्रकरण त्यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांचं आहे: ती कशी विखुरली होती, एकावर एक बसणाऱ्या पेट्यांत कशी आली, आणि त्या मांडणीतलं काय टिकलं. माझी उमेदीची वर्षं जळगावच्या एमआयडीसीत टूल रूममध्ये गेली. आप्पा नात्यातले, त्यांनी बोलावलं आणि मी गेलो.

आधी या कामाची अडचण समजून घ्यायला हवी. २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली, तेव्हापासून आमच्याकडे या कामाला चांगलीच गती आहे. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के. अट अशी की त्या शेतात पारंपरिक वीजजोडणी नसावी. म्हणजे ज्या वावरात फिटर जातो तिथे वीज नसणार हे कागदावरच ठरलेलं असतं. पूर्वी टीम भाड्याचा जनरेटर नेत असे. बॅटरीची हत्यारं आली आणि जनरेटर सुटला, पण त्याच्या जागी दुसरं ओझं आलं: सुटी हत्यारं, सुटे चार्जर, सुट्या बॅटऱ्या.

मी पाहिलं तेव्हा त्यांच्याकडे ठोके देत नट आवळणारा एक मोठा इम्पॅक्ट रेंच होता, एक छोटा इम्पॅक्ट ड्रायव्हर, हॅमर ड्रिल, काँक्रीट फोडायचा एसडीएस रोटरी हॅमर, चार इंची ग्राइंडर आणि धूळ झटकायचा ब्लोअर. हे सगळं १८ व्होल्टचं, एकाच कंपनीचं. शिवाय भाच्याने बाजारातून आणलेलं '२१ व्होल्ट' लिहिलेलं एक स्वस्त ड्रिल, त्याची बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा. प्रत्येक हत्यार मूळ डब्यात. हे डबे हत्याराच्या आकाराचे घडवलेले, बाहेरून फुगीर, एकावर दुसरा ठेवला की घसरतो. ड्रिलच्या डब्याचं एक कुलूप तुटलेलं, त्याला सुतळी. पाने आणि गोट्या, म्हणजे नट फिरवायची सॉकेटं, बारदानात. पक्कड, वायरचं टोक दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल आणि मल्टिमीटर एका जुन्या शाळेच्या दप्तरात.

गाडी बहुतेक वेळा शिवरस्त्यावर थांबते. तिथून पुढे बांधाबांधाने चालत जायचं. जूनच्या पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत बूट निघत नाही, तिथे कुठली चाकं आणि कुठली ट्रॉली! सगळं हातावर, खांद्यावर, डोक्यावर.

पारोळ्याकडच्या एका वावरात मी बांधावर उभा राहून नुसता बघत होतो. खांब उभे झाले होते, वरची आडवी चौकट चढवायची होती. भाच्याने आणि नानांनी ती खांद्यावर पेलून धरली, पोरगा शिडीवर. वरून आवाज आला, "आप्पा, सतरानी गोटी कोठे शे?" आप्पांनी बारदान उलटं केलं. तेरा निघाली, एकोणीस निघाली, कापलेल्या वायरचे तुकडे निघाले, तंबाखूची पुडी निघाली. सतराची निघेना. चौकट पेललेल्या दोघांच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. शेवटी नाना म्हणाले, "उतरवूया." उतरवली. गोटी सापडली कुठे, तर इम्पॅक्ट रेंचच्या डब्यात, आदल्या दिवशीच्या कामावरून तशीच अडकून आलेली. रेंच वापरायचा होता म्हणून तो डबा आधीच वावरात आणून ठेवला होता, पण चौकटीखाली बॅटऱ्यांच्या पिशवीमागे गेला होता.

हत्यार हरवलं नव्हतं, चोरीला गेलं नव्हतं, गाडीत राहिलं नव्हतं. ते तिथेच होतं आणि चार माणसं थांबली होती. मी आप्पांना तेव्हाच म्हटलं, आपण कोणत्या हत्याराला कोणता डबा द्यायचा हा विचारच सोडून देऊ. आधी हे लिहू की कामाच्या कोणत्या टप्प्याला कोणकोणत्या वस्तू एकाच वेळी हाताशी लागतात.

आप्पांच्या मनात वेगळा उपाय होता: पत्र्याची मोठी ट्रंक. सगळं एका जागी, वर कुलूप. ट्रंकेबद्दल मला आदर आहे, पण या कामाला ती चालत नाही. भरली की दोघांनी उचलावी लागते, हवी ती वस्तू तळाशी असते, आणि मे महिन्यात उन्हातला पत्रा हाताला चटका देतो. दुसरा पर्याय कॅनव्हासच्या पिशव्यांचा. त्या हलक्या, पण गाडीत एकमेकींवर पडतात आणि आतलं दबतं. तिसरा, खाली चाकं असलेला पेट्यांचा मनोरा. दुकानात तो फार देखणा दिसतो. सिमेंटच्या फरशीवर काम करणाऱ्या फर्निचरवाल्याला मी तोच सुचवेन. काळ्या मातीत त्याची चाकं म्हणजे फुकटचं वजन.

राहिल्या एकमेकीत अडकणाऱ्या, पण सुट्या उचलता येणाऱ्या पेट्या. ही कल्पना जर्मनीतून आली. टानोस कंपनीने १९९३ मध्ये सिस्टेनर नावाची पेटी बाजारात आणली. तिचं वैशिष्ट्य असं की उंची कितीही असो, तळाचं माप एकच: साधारण ४०० बाय ३०० मिलिमीटर. युरोपातलं मालाचं पॅलेट १२०० बाय ८०० चं असतं, त्यावर अशा पेट्यांचा आठाचा थर फट न राहता बसतो. माकिटाची मॅकपॅक पेटी याच घराण्यातली. तिच्या चार उंच्या आहेत: १०५, १५७.५, २१० आणि ३१५ मिलिमीटर. बॉशची एल-बॉक्स वेगळ्या मापाची, डीवॉल्टची टीस्टॅक आणखी वेगळी, मिलवॉकीची पॅकआउट त्याहून दणकट आणि जड. घेणाऱ्याने एवढंच पाहावं की एकदा एक तळ धरला की तो सोडायचा नाही. दोन जातींच्या पेट्या मिसळल्या की गाडीत पुन्हा तीच घसरगुंडी.

या टीमची हत्यारं माकिटाची, म्हणून मॅकपॅक घेतल्या. दुसरं काही कारण नव्हतं. बॉशची हत्यारं असती तर मी एल-बॉक्स घ्यायला लावल्या असत्या आणि पुढचं सगळं असंच केलं असतं. ब्रँडच्या पेट्या स्वस्त नाहीत, म्हणून एकदम न घेता आधी दोन घेतल्या, मग बाकीच्या. भाच्याचं २१ व्होल्टचं ड्रिल घरच्या कामाला लावलं. त्यात व्होल्ट जास्त आहेत असा त्याचा समज होता. तसं काही नसतं. लिथियमचे पाच सेल एकामागे एक जोडले की नाममात्र ३.६ गुणिले ५ म्हणजे १८ व्होल्ट, आणि पूर्ण भरल्यावर ४.२ गुणिले ५ म्हणजे २१. कोणी पहिला आकडा छापतं, कोणी दुसरा, कोणी मधला २०. माल पाच सेलचाच. पण बॅटरीची खाच जुळत नाही, आणि वावरात दोन जातींच्या बॅटऱ्या वागवणं म्हणजे अडीअडचणीला एकीचा दुसरीला उपयोग नाही.

पेट्यांची वाटणी

सोलर पंपाचं काम एका दिवसात होत नाही. आधी आखणी, खड्डे, बोल्ट रोवून काँक्रीट. ते काँक्रीट पक्कं व्हायला आठवडाभर द्यायचा. मग स्ट्रक्चर, प्लेटा (म्हणजे सोलर पॅनेल), वायरिंग, कंट्रोलर, पंप खाली सोडणं, अर्थिंग, फोटो. म्हणजे पहिल्या टप्प्याची हत्यारं दुसऱ्या फेरीला लागत नाहीत. तरी ती रोज गाडीत फिरत होती. रोटरी हॅमर तर जुनं बांधकाम फोडायची वेळ आली तरच लागतो. पहिला निर्णय असा झाला की पायाभरणीची पेटी घरी राहणार आणि फक्त पायाभरणीच्या दिवशी चढणार. यानेच गाडीतलं बरंच ओझं उतरलं.

खांबांची पेटी सर्वांत मोठी, ३१५ उंचीची. तिच्यात इम्पॅक्ट रेंच आणि चौकट उभी करायला लागणारं बाकी सगळं, फक्त ग्राइंडर नाही: १७ आणि १९ च्या खोल गोट्या, एक्स्टेन्शन, रिंग पाने, लेव्हल बॉटल, दोरी, खडू. त्यांच्याकडे येणाऱ्या स्ट्रक्चरला एम१० आणि एम१२ चे, म्हणजे १० आणि १२ मिलिमीटर जाडीचे बोल्ट असतात, त्यांना हेच दोन आकडे लागतात. दोन्ही आकड्यांच्या गोट्या दोन-दोन घेतल्या. एक रेंचच्या तोंडाला अडकलेली राहिली तरी दुसरी जागेवर असते. गोट्या काळ्या, इम्पॅक्टला चालणाऱ्या. चकचकीत क्रोमच्या गोट्या हाताच्या पान्यासाठी असतात, रेंचच्या ठोक्याने त्या चिरतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. जुन्या क्रोमच्या गोट्या बारदानातून काढून आप्पांनी घरच्या फळीवर ठेवल्या.

प्लेटांची पेटी बुटकी आणि हलकी. तिच्यात इम्पॅक्ट रेंच मुद्दाम ठेवला नाही. प्लेट बसवायचे बोल्ट स्टेनलेसचे असतात. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट रेंचने भरधाव फिरवला की आटे घासून गरम होतात आणि नट अर्ध्यावर चिकटतो. मग ना पुढे जातो ना मागे येतो, कापावाच लागतो. शिवाय ॲल्युमिनियमची चौकट दबली की काचेवर ताण येतो. म्हणून त्या पेटीत १३ चे हातपाने, रॅचेट, ठरलेल्या जोरानेच आवळणारा एक टॉर्क पाना आणि आट्यांना लावायच्या ग्रीसची डबी. टप्प्याप्रमाणे वाटणी करण्याचा मला सर्वांत मोठा फायदा इथे दिसतो. पोरगा प्लेटांची पेटी घेऊन शिडीवर गेला की चुकीचं हत्यार त्याच्या हाताशीच नसतं. त्याला कोणी बजावावं लागत नाही.

वायरिंगच्या पेटीत धातूचा कीस येता कामा नये, हा तिचा एकमेव कायदा. तिच्यात प्लेटांच्या वायरी जोडायचे एमसी४ कनेक्टर, त्यांचे क्रिंपिंग टूल, उघडायच्या दोन चाव्या, हजार व्होल्ट डीसी मोजणारा मल्टिमीटर, छोटा इम्पॅक्ट ड्रायव्हर, टेप, हातमोजे. याआधी कनेक्टर आणि ग्राइंडरच्या चकत्या एकाच पिशवीत असायच्या. कनेक्टरच्या तोंडात कीस गेला, जोड नीट बसला नाही, की तिथे विजेला रोध वाढतो, जोड तापतो आणि काही महिन्यांनी वितळतो. शेतकऱ्याला वाटतं प्लेट खराब निघाली.

म्हणून ग्राइंडरला स्वतंत्र पेटी दिली, एकट्याला. सोबत चकत्या, चष्मा, जाड हातमोजे आणि कापलेल्या जागेवर मारायचा झिंकचा स्प्रे. चकत्या आडव्या, सपाट, आणि वर जड काही नाही. त्या राळेने बांधलेल्या असतात, ओल धरतात, वाकून चिरतात. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि साल छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. आम्ही वाचलं आणि त्या दिवशी काही चकत्या मोडून फेकल्या.

पंप सोडायची घोडी, चेन पुली, दोर, पहार, फावडं हे पेट्यांत येत नाही आणि आणायचा हट्टही नको. त्याला गाडीच्या हौद्यात डाव्या अंगाला जागा. कंपनीकडून स्ट्रक्चरसोबत येणाऱ्या नट-बोल्टच्या पिशव्या भाजीच्या कॅरेटमध्ये जातात. आमच्याकडे केळीमुळे कॅरेटला तोटा नाही.

वजनाची मर्यादा आप्पांनी घातली आणि ती माझ्या कुठल्याही सूचनेपेक्षा मोलाची ठरली. त्यांचं म्हणणं, सर्वांत लहान पोराने एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा जार घेऊन बांध चढता आला पाहिजे. काट्यावर तोललं तेव्हा ते बारा किलोंच्या आसपास आलं. खांबांची पेटी यात बसत नव्हती, म्हणून लेव्हल आणि पाने एका वेगळ्या बुटक्या पेटीत काढले आणि ती तिच्यावर अडकवली. गाडीपर्यंत जोडीने, बांधावर दोन हातांत दोन.

पेटीच्या आत

इथे माझं मत बऱ्याच लोकांपेक्षा वेगळं आहे. प्रत्येक हत्याराचा आकार कोरलेला फोम फोटोत छान दिसतो. टूल रूममध्ये, जिथे गेज आणि मायक्रोमीटर ठेवायचे, तिथे मी स्वतः तो वापरायला लावला आहे. वावरात तो त्रास देतो. कोरलेल्या खाचेत काळी माती बसते, ओली झाली की निघत नाही. रेंचच्या तोंडाला गोटी असेल, ड्रिलमध्ये बिट असेल, तर हत्यार खाचेत बसतच नाही, मग पोरं ते वरच टाकून झाकण दाबतात. आणि उद्या एक हत्यार बदललं की सगळा फोम वाया.

त्यामुळे जड हत्यारांच्या पेट्यांत फक्त तळाला जाड ईव्हीए, म्हणजे चपलेच्या तळाला असतो तसला फोम, आणि मध्ये दोन-तीन आडव्या भिंती. गोट्या, पाने, क्रिंपिंग टूल, चाव्या, म्हणजे ज्या लहान वस्तू हरवतात, त्यांनाच कोरलेली जागा. ईव्हीएची शीट चप्पल बनवण्याचा माल विकणाऱ्या दुकानात मिळाली. खाली लाल, वर काळी, दोन्ही रबर सोल्युशनने चिकटवलेल्या. वस्तूचा आकार खडूने काळ्या शीटवर काढायचा, कटरने फक्त वरचा थर कापायचा. वस्तू जागेवर नसेल तर लाल दिसतं. कारखान्यात ज्यांनी फाइव्ह-एस, म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा देण्याची पद्धत, पाहिलं आहे त्यांना हे नवं नाही, तिथे भिंतीवरच्या बोर्डावर हत्याराची सावली रंगवतात. इथे ती पेटीच्या तळाशी आली. संध्याकाळी झाकण लावताना एक नजर पुरते. सतराच्या गोटीची खाच लाल दिसली की कोणी गाडीत बसत नाही. सोल्युशन लावल्यावर पेटी रात्रभर उघडी ठेवावी, नाहीतर त्याचा वास आणि वाफ आतच कोंडते.

बाजूचं हत्यार उचलताना बोटं आत जायला हवीत, म्हणून प्रत्येक खाचेला एक अर्धगोल जादा कापावा लागतो. हे पोरानेच सुचवलं. हातमोजे घालून तोच काम करतो.

नाव लिहायचं ते पेटीच्या समोरच्या अंगावर, झाकणावर नाही. एकावर एक ठेवल्या की झाकणं दिसत नाहीत. पांढऱ्या ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत: पाया, खांब, प्लेटा, वायर, ग्राइंडर. शिवाय रंगीत टेपची एक पट्टी. लाल, पिवळी, निळी टेप फेजसाठी त्यांच्याकडे असतेच. धुळीने अक्षरं झाकली तरी पट्टी ओळखू येते.

बॅटऱ्या

बॅटऱ्यांवर मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण खानदेशात खरा शत्रू ऊन आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे सावलीतला पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो. हत्यारासोबत येणाऱ्या पुस्तिकेत साफ लिहिलेलं असतं: जिथे तापमान ५० अंशांना पोचेल किंवा ओलांडेल तिथे हत्यार आणि बॅटरी ठेवू नका, आणि चार्जिंग १० ते ४० अंशांच्या हवेत करा. आता विचार करा, बाहेर ४४ अंश, लोखंडी हौदा, त्यात बंद पेटी, दुपारचे दोन. पेटीच्या आतला आकडा ५० च्या खाली राहील का? उन्हात उभ्या गाडीची बंद केबिनही त्याच लायकीची.

उष्णतेने लिथियमचे सेल लगेच बंद पडत नाहीत. ते आतून म्हातारे होतात. चार्ज धरून ठेवायची ताकद कमी होते, आतला रोध वाढतो, भरपूर चार्ज दाखवूनही ग्राइंडर दाबला की बॅटरी दम सोडते. आणि बॅटरी जेवढी पूर्ण भरलेली तेवढं उन्हाने जास्त नुकसान. आप्पांची तक्रार होती की एका उन्हाळ्यात नव्या बॅटऱ्या जुन्यासारख्या झाल्या. त्यांनी दुकानदाराला बोल लावला होता. त्या बॅटऱ्या रोज हौद्यात ग्राइंडरशेजारी भाजत होत्या.

उपाय साधा निघाला. बॅटऱ्यांची पेटी सर्वांत लहान, एका हातात मावणारी. ती हौद्यात कधीच जात नाही, चालू केबिनमध्ये पायाशी राहते आणि गाडी थांबली की सर्वांत आधी उतरते. आधी निंबाखाली. पहिल्या प्लेटा चढल्या की त्यांच्याच सावलीत. सावली सरकली की पेटी सरकते, ते काम नानांचं. वरून पांढरं कापड. ओलं बारदान टाकायची सूचना आली होती ती मी मोडून काढली. पाणी आणि बॅटरीची तोंडं एकत्र नकोत.

पेटीत दोन कप्पे. डावीकडे भरलेल्या, उजवीकडे संपलेल्या. प्रत्येक बॅटरीला तोंडावर प्लॅस्टिकची टोपी, आणि पेटीत धातूची एकही सुटी वस्तू नाही, स्क्रू नाही, नाणं नाही, चावी नाही. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवरची ऊर्जा. ती एखाद्या बोल्टने दोन तोंडं जोडून एका क्षणात बाहेर काढली तर बोल्ट लाल होतो. प्रत्येक बॅटरीवर नंबर आणि खरेदीचा महिना लिहिला. आता कोणती लवकर बसते हे अंदाजाने बोलावं लागत नाही. मोठ्या ५ अँपिअर-अवरच्या रेंच आणि ग्राइंडरला, लहान ३ च्या ड्रिल आणि ड्रायव्हरला. ग्राइंडर बॅटरी सर्वांत वेगाने पितो, म्हणून कापाकापी जमेल तेवढी घरून मोजून करून न्यायची.

चार्जर वावरात न्यायचं बंद केलं. गाडीतल्या इन्व्हर्टरवर दुपारी चार्जिंग लावायचा प्रयत्न व्हायचा आणि चार्जरचा दिवा नुसता लुकलुकत राहायचा. लोकांना चार्जर बिघडला वाटतं, पण तो बॅटरी थंड होण्याची वाट पाहत असतो. आता संध्याकाळी घरी आलं की बॅटऱ्या आधी फरशीवर मोकळ्या ठेवतात, जेवण झाल्यावर चार्जिंगला लावतात. पावसाळ्यात काम थंडावलं की त्या अर्ध्या भरून घरात फडताळात, पूर्ण भरून नाही.

एक शेतकरी भाऊ काळजीने विचारत होते, "इतक्या प्लेटा चढवल्या, त्याच्यावरच चार्ज करा ना?" प्रश्न रास्त आहे, उत्तर ठाम नाही असं आहे. पंपाच्या प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यांचा डीसी दाब शेकडो व्होल्टचा असतो आणि तो ढगागणिक बदलतो. हत्याराचा चार्जर त्याला लावायचा नसतो. कोणी जुगाड करून दाखवला तरी लावू नये.

गाडी आणि माणसं

हौद्यात पेट्या केबिनच्या पाठीला टेकून, तीनच्या वर नाही, वरून पट्टा. जे आधी लागतं ते वर. पायाभरणीच्या दिवशी चढण वेगळी, स्ट्रक्चरच्या दिवशी वेगळी, आणि ती उलट्या क्रमाने, हे नानांना सांगावं लागलं नाही. केळीचा माल भरलेला माणूस आहे. मॅकपॅक धूळबंद नाही. ज्यांना ती गरज आहे त्यांनी आयपी६५ लिहिलेली पेटी घ्यावी, त्यातला ६ धुळीसाठी असतो आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. या टीमने धुळीला ब्लोअरने उत्तर दिलं: झाकण उघडायच्या आधी पेटीवरून एक फुंकर, संध्याकाळी आत एक. ब्लोअर मात्र वायरिंगच्या पेटीत मारायचा नाही, तिथे ब्रश.

विरोध भाच्याकडून झाला. त्याच्या मते पेट्या उघडा, लावा, यात वेळ जातो, बारदानात हात घातला की काम होतं. मी त्याच्याशी वाद घातला नाही. दोन आठवडे वापरून बघ, नाही पटलं तर बारदान तुझं, एवढंच आप्पा म्हणाले. त्याला पटवलं ते परतीच्या वेळेने. पूर्वी अंधारात मोबाईलच्या उजेडात ढेकळांत गोट्या शोधत बसायचे. आता झाकणं लागली की गाडी निघते. पुढे त्यानेच नियम घातला: जो पेटी उघडेल तोच ती लावेल, दुसऱ्याच्या हातात उघडी पेटी द्यायची नाही.

काही गोष्टी बसल्या नाहीत. खांबांच्या पेटीतली आडवी भिंत रेंचच्या वजनाने सैल होते, तिथे प्लायचा तुकडा लावावा लागला. पेटीच्या फिरत्या कुलपाच्या खोबणीत चिखल बसतो आणि ते अर्धंच फिरतं, मग वरची पेटी अडकल्यासारखी वाटते पण अडकलेली नसते. असं एकदा नानांच्या पायावर पेटी आली, सुदैवाने बूट होता. तेव्हापासून उचलण्याआधी कुलपावर अंगठा दाबून बघायचा आणि खोबणी ओल्या फडक्याने पुसायची. एसडीएसच्या लांब बिटा कुठल्याच पेटीत मावल्या नाहीत. दोन्ही टोकांना टोप्या लावलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा त्यांना पुरला, आणि जळगावात पाइपाची काय कमी.

आप्पा आता दुसरी टीम काढायच्या बेतात आहेत. त्यांनी मला विचारलं, पुन्हा तेवढ्याच पेट्या घ्याव्या लागतील का? पायाची पेटी एकच पुरेल, ती दोन्ही टीमना आलटून पालटून जाईल, कारण पायाभरणी एका दिवशी एकाच ठिकाणी ठेवता येते. ग्राइंडरची कापाकापी घरी होत असेल तर ती पेटीही एक. खांब, प्लेटा, वायर आणि बॅटऱ्या मात्र प्रत्येक टीमच्या स्वतःच्या, पट्टीचा रंग तोच, फक्त शेजारी टीमचा आकडा. बॅटऱ्यांचे नंबर पुढून चालू ठेवायचे, पुन्हा एकपासून सुरू करायचे नाहीत, म्हणजे घरी चार्जिंगच्या फळीवर दोन टीमच्या बॅटऱ्या मिसळल्या तरी कोणती कोणाची हे विचारावं लागणार नाही.